गाडीच्या इंजिनचा ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणाऱ्या प्रश्नांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ऑइल सील बदललं, टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बदलला, कधी हाफ इंजिनसुद्धा (रिंग-पिस्टनचं काम) केलं, आणि ब्रीदरकडे कुणी पाहिलंच नाही. काहीशे रुपयांच्या भागापायी हजारो रुपये जातात. उत्तरांत पुनरुक्ती नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. ब्रीदर म्हणजे काय? इंजिन तर सगळीकडून बंद असतं, त्याला श्वास कशाला हवा?

इंधन जळतं तेव्हा पिस्टनच्या वरचा दाब पेट्रोल इंजिनात ५० बारच्या वर आणि डिझेलमध्ये १०० बारच्याही पुढे जातो. पिस्टनभोवतीच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्या दोन टोकांत फट ठेवावीच लागते, नाहीतर तापल्यावर त्या फुगून अडकतील. त्या फटीतून आणि रिंगांच्या कडेने थोडा वायू खाली चेंबरकडे, म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा शाफ्ट) आणि ऑइल असतं त्या खालच्या भागाकडे, निसटतो. त्यात न जळलेलं इंधन, जळालेला धूर आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं खाली उतरतं.

हा वायू बाहेर काढला नाही तर दोन गोष्टी होतात. दाब वाढून ऑइल सील आणि पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकललं जातं. शिवाय वाफ आणि इंधन ऑइलमध्ये मुरून त्याचा काळा चिखल होतो. वायूला वाट करून देणारी सगळी व्यवस्था म्हणजे ब्रीदर. पूर्वी नुसता एक पाईप खाली रस्त्याकडे सोडलेला असायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात धुरक्याच्या (धूर मिसळलेल्या धुक्याच्या) त्रासामुळे हा वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळायची पद्धत गाड्यांत आली. आज सगळ्या पेट्रोल गाड्यांत तीच आहे. तिच्यात वायूची वाट कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह म्हणजे पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन).

२. मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात ते हेच का?

हो, हाच निसटलेला वायू. तो शून्य कधीच नसतो. इंजिन जेवढी हवा ओढतं तिच्या साधारण एखादा टक्का वायू चांगल्या इंजिनातही खाली जातो. १२०० सीसीचं इंजिन ३००० आरपीएमला पूर्ण भाराखाली मिनिटाला जास्तीत जास्त १८०० लिटर हवा घेतं. म्हणजे मिनिटाला १५ ते १८ लिटर वायू काढणं हे ब्रीदरचं रोजचंच काम आहे. रिंगा आणि बोर झिजले की हा आकडा कितीतरी पटीने वाढतो. म्हणून ‘बॅक मारतंय का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. किती मारतंय आणि त्याला बाहेरची वाट मोकळी आहे का, हे विचारा.

३. पीसीव्ही व्हॉल्व्हच्या आत नेमकं काय घडतं?

आत एक छोटा दट्ट्या आणि एक स्प्रिंग असते. एक टोक टॅपेट कव्हरमध्ये (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणात), दुसरं पाईपने इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाला) जोडलेलं. दट्ट्या मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर हलतो.

आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप) बंद असतो, व्हॅक्यूम जोरदार असतो, समुद्रसपाटीला साधारण १८ ते २२ इंच पारा. तो दट्ट्याला आपल्याकडे खेचतो आणि वाट अरुंद होते. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण तेव्हा वायू कमी असतो आणि जास्त हवा आत गेली तर आयडलिंग बिघडेल. धुळ्याहून शिरपूरकडे एकसारख्या वेगात जाताना व्हॅक्यूम मध्यम असतो, दट्ट्या मधोमध राहतो आणि वाट रुंदावते. तोरणमाळचा घाट पूर्ण रेस देऊन चढताना व्हॅक्यूम जवळजवळ उरतच नाही. स्प्रिंग वाट पूर्ण उघडते, पण ओढायला जोर नसतो आणि वायू मात्र तेव्हाच सगळ्यांत जास्त असतो. उरलेला वायू मग दुसऱ्या पाईपने, म्हणजे एअर फिल्टरकडून ताजी हवा आणणाऱ्या पाईपने, उलटा जाऊन थ्रॉटलच्या आधी हवेत मिसळतो. इंजिनने बॅकफायर दिला, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका उडाला, तर दट्ट्या उलटा बसून वाट बंद करतो, म्हणजे ज्वाळा चेंबरपर्यंत पोचत नाही.

४. माझ्या गाडीत तो व्हॉल्व्ह सापडतच नाही. नसतो का?

पेट्रोल गाडीत या ना त्या रूपात असतोच. बऱ्याच छोट्या गाड्यांत टॅपेट कव्हरवर रबरी बुशात खोचलेला, अंगठ्याएवढा, वर पाईप असलेला दिसतो. काही गाड्यांत तो आटे देऊन बसवलेला असतो. काहींत कव्हरच्या आतच रबरी पडदा असतो, तो वेगळा मिळत नाही, अख्खं कव्हर घ्यावं लागतं. कव्हरपासून मॅनिफोल्डला जाणारा पाईप शोधा, त्याच्या एका टोकाला व्हॉल्व्ह सापडेल. टर्बो पेट्रोलमध्ये एक जास्तीचा एकदिशा व्हॉल्व्ह असतो, कारण टर्बो दाब देतो तेव्हा मॅनिफोल्डमधली हवा उलटी चेंबरमध्ये जाता कामा नये.

५. डिझेल पिकअपलाही पीसीव्ही असतो का?

पेट्रोलसारखा दट्ट्या नसतो. डिझेल इंजिनाचा वेग थ्रॉटलने आवळत नाहीत, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये कामापुरता व्हॅक्यूम नसतो. जुन्या डिझेलमध्ये उघडा ब्रीदर पाईप खाली सोडलेला असतो. टर्बो डिझेलमध्ये तो पाईप एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधे जोडतात. वाटेत ऑइल वेगळं करणारी जाळी किंवा चक्रव्यूहासारखे कप्पे असतात आणि बऱ्याचदा दाब सांभाळणारा रबरी पडदा. जाळीत अडलेलं ऑइल ठिबकत परत चेंबरमध्ये येतं. ती जाळी तुंबणं हा डिझेलचा नेहमीचा आजार आहे.

६. ऑइलनं झाकन उघाडं का धूर निंघस. इंजिन गयं का?

तेवढ्यावरून नाही. तापलेल्या ऑइलची वाफ आणि थोडा वायू दिसणारच. डिझेलमध्ये तर चांगल्या इंजिनातही दिसतो. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा आणि ऑइल कॅप उलटी करून तोंडावर नुसती ठेवा. ती जागेवर थरथरत राहिली तर काळजीचं कारण नाही. उडून पडत असेल तर वायू जास्त आहे. पण मोडतोड ठरवण्याआधी ब्रीदरचा पाईप मोकळा करून पुन्हा पाहा, कारण तुंबलेल्या ब्रीदरमुळेही कॅप उडते.

पाईप मोकळा केल्यावरही तसंच झालं, सोबत गाडीचा जोर कमी झालाय आणि हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त ऑइल लागतंय, तर मग रिंग-पिस्टनचा विषय काढा. तोही कॉम्प्रेशन टेस्ट करूनच, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजूनच. रीडिंग कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर सिलिंडरचे व्हॉल्व्ह (पीसीव्ही नव्हे) किंवा हेड पॅकिंग. ऑइल टाकून मोजायची ही रीत पेट्रोलसाठी. डिझेलमध्ये ज्वलनाची जागा फार लहान असते, जास्त ऑइल पडलं तर आकडा फसवा येतो.

हाफ इंजिन नुकतंच केलं असेल तर पहिले हजार-दीड हजार किलोमीटर रिंगा बसेपर्यंत वायू थोडा जास्त दिसतो. घाई करू नका.

७. पेट्रोल गाडीचा व्हॉल्व्ह घरीच तपासता येईल का?

येईल, दहा मिनिटांचं काम आहे. इंजिन गरम करा, आयडलिंगला ठेवा, बाह्या आणि ओढणी पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवा.

व्हॉल्व्ह पाईपसकट कव्हरमधून उपसा. सूं असा आवाज यायला हवा. तोंडावर बोट ठेवलं की ओढ लागली पाहिजे आणि बोट काढता-ठेवताना आत टक् असा आवाज. ओढ नसेल तर व्हॉल्व्ह किंवा पाईप तुंबलाय. आता इंजिन बंद करून व्हॉल्व्ह सोडवा आणि कानाशी हलवा. दट्ट्याचा खुळखुळ ऐकू आला पाहिजे. अर्थात खुळखुळला म्हणजे चांगलाच असं नाही, स्प्रिंग थकलेली असू शकते. पडद्याच्या व्हॉल्व्हला तर ही परीक्षा लागूच नाही.

अख्ख्या व्यवस्थेची परीक्षा कागदाने होते. व्हॉल्व्ह परत बसवा, ताज्या हवेचा पाईप कव्हरवरून काढून तिथलं तोंड बुचाने बंद करा, ऑइल कॅप काढून त्या जागी वहीचा कागद ठेवा. मिनिटभरात कागद आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. उडत राहिला तर व्हॉल्व्ह तुंबलेला आहे किंवा वायू त्याच्या आवाक्याबाहेर गेलाय. नुसता सैल पडून राहिला तर कुठेतरी गळती आहे: डिपस्टिकचं रबर, कव्हरचं पॅकिंग, तडकलेला पाईप.

८. ऑइल कॅपखाली पांढरा-पिवळा फेस जमतो. हेड पॅकिंग गेलं का?

बहुतेक वेळा नाही. डिसेंबर-जानेवारीत खान्देशातली पहाट चांगलीच गार असते. घरापासून बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर गाडी चालली तर ऑइल तापतच नाही. वाफ गार कव्हरवर बसते आणि ऑइलशी घुसळून लोणी होतं. सीएनजी गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. गाडी अर्धा-पाऊण तास सलग हायवेला चालवा आणि कॅप पुसून पुन्हा पाहा. फेस गेला तर विषय संपला. पुन्हा पुन्हा येत असेल तर प्रश्न ७ प्रमाणे व्हॉल्व्ह तपासा.

हेड पॅकिंगची खूण वेगळी आहे. कूलंटची पातळी उतरते, डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं दुधट होतं, गाडी तापते. असं असेल तर गाडी चालवून पाहण्याच्या भानगडीत पडू नका.

९. मागचं ऑइल सील एका वर्षात दोनदा बदललं, तरी गळतं. कंपनीचंच सील टाकलं होतं.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि यातच लोकांचा सगळ्यांत जास्त पैसा जातो. मागचं सील, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचं क्रँकचं सील, बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील स्वस्त, मजुरी महाग. सीलची ओठासारखी कड शाफ्टवर हलकेच टेकलेली असते. ती ऑइलचे शिंतोडे अडवते, आतून सतत लागणारा दाब पेलायला ती बनवलेलीच नाही. ब्रीदर तुंबलेला ठेवून नवं सील टाकलं तर तेही जाणार.

खूण सांगायची तर, गळती एका जागी नसून दोन-तीन ठिकाणी एकदम सुरू झाली असेल, म्हणजे टॅपेट कव्हर, पुढचं सील, डिपस्टिकचं तोंड, तर संशय आधी दाबावर घ्या. डिपस्टिक आपोआप वर उचलली जात असेल तर शंकाच नको. गिअरबॉक्स उतरवण्याआधी मेकॅनिककडून पीसीव्ही, ब्रीदर पाईप आणि जाळी साफ करून घ्या, इंजिन धुवा, आठवडाभर चालवा आणि मग खालून पाहा. बऱ्याच वेळा गळती इतकी कमी होते की सीलला हात लावावा लागत नाही. शाफ्टवर सीलने खाच पाडली असेल तर मात्र सील बदलण्यावाचून इलाज नाही. तेव्हाही ब्रीदर आधी, सील नंतर.

१०. इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाईपात ऑइल सापडलं. टर्बो गेला म्हणतात.

थांबा. ब्रीदरचा पाईप टर्बोच्या आधी जोडलेल्या डिझेलमध्ये पाईपात ऑइलचा पातळ ओलावा असणं साहजिक आहे, कारण ब्रीदरची वाफ टर्बोतूनच जाते. वाटीभर ऑइल निघत असेल तर कारण शोधायला हवं, पण ते टर्बोच असेल असं नाही.

टर्बोतलं ऑइल पंपाच्या दाबाने आत येतं, परत मात्र नुसतं उतारावर वाहत चेंबरमध्ये जातं. चेंबरमध्ये दाब तुंबला की ते उतरेनासं होतं आणि टर्बोच्या सीलमधून दोन्ही बाजूंना बाहेर पडतं. तुंबलेल्या ब्रीदरवर नवा टर्बो बसवला तरी तोही ऑइल टाकतो. क्रम असा ठेवा: ऑइलची पातळी, एअर फिल्टर, ब्रीदरची जाळी आणि पाईप, टर्बोचा परतीचा पाईप, आणि शेवटी शाफ्टची ढिलाई. शाफ्ट आत-बाहेर जाणवेल इतका हलत असेल किंवा पाती घराला घासली असतील, तरच टर्बो.

११. एअर फिल्टरच ऑइलने भिजतो, असं का?

पेट्रोल गाडीत याचा अर्थ बहुधा पीसीव्ही तुंबलाय. नेहमीची वाट बंद झाल्यावर सगळा वायू ताज्या हवेच्या पाईपने उलटा फिल्टरकडे येतो (प्रश्न ३ मधला शेवटचा भाग पाहा). ऑइल ‘मॅक्स’च्या वर भरलेलं असेल तरी हेच होतं. क्रँक ऑइलला फेटतो आणि शिंतोडे वर चढतात. छोट्या गाड्यांत ‘मिन’ ते ‘मॅक्स’ हे अंतर साधारण एक लिटरचं किंवा त्याहून कमी असतं. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून टाकलेलं अर्धा लिटर खूप होतं.

१२. आपल्याकडच्या धुळीचा आणि उन्हाचा ब्रीदरवर काय परिणाम होतो?

धुळीचा फार मोठा. ताज्या हवेचा पाईप तडकला की इंजिन शेतरस्त्यावरची काळ्या मातीची धूळ फिल्टरशिवाय थेट चेंबरमध्ये ओढतं. ती ऑइलमध्ये मिसळून रिंगा आणि बेअरिंग घासते, त्यातून वायू वाढतो, आणि मग इंजिनाचं आयुष्य भराभर सरतं. ऑइल कॅप हरवली म्हणून चिंधी कोंबून चालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. नवी कॅप त्याच दिवशी आणा.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या पिकअपच्या फिल्टरवर रुईचा थर बसतो. फिल्टर कोंडला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ब्रीदरमधून जास्त ऑइल खेचलं जातं. ऑइल खाणाऱ्या डिझेलचा फिल्टर म्हणूनच आधी पाहायचा. हंगामात तो दर आठवड्याला झटका.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा बोनेटखालचे रबरी पाईप भाजून निघतात, ताठ होतात, आणि पुढे थंडीत वाकवले की तडकतात. मान्सूनआधी आणि दिवाळीनंतर अशी वर्षातून दोनदा पाईपांची टोकं दाबून पाहा. ऑइलचा ग्रेड स्वतःच्या मनाने जाड करू नका. मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाप्रमाणे तक्ता असतो, त्यातलाच निवडा.

१३. पाईप फाटलाय. १६ एमएमची ठिबकची नळी अगदी बरोबर बसते, चालेल?

बसते, पण चालत नाही. ठिबकची नळी उन्हासाठी आणि पाण्यासाठी बनवलेली असते, तापलेल्या ऑइलच्या वाफेसाठी नाही. इंजिनाजवळच्या उष्णतेत ती मऊ पडते, आतल्या ओढीने चपटी होते आणि वाट बंद. वरून सगळं जागेवर दिसतं, म्हणून दोष शोधायला दिवस जातात. गॅसवरची नळी किंवा पाण्याचा पारदर्शक पाईपही नको. ऑइल आणि इंधन सोसणारा, आत धाग्याची जाळी असलेला होज त्याच आतल्या मापाचा घ्या, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा, आणि मूळ पाईपएवढीच लांबी व तोच उतार ठेवा. मधे खोलगट वाकण राहिली की तिथे पाणी आणि ऑइल साचतं.

१४. पाईप काढून खाली सोडला, किंवा बाटलीत सोडला तर? बरेच जण करतात.

पेट्रोल गाडीत हे करू नका. मॅनिफोल्डचं तोंड उघडं राहिलं तर मोजमापाबाहेरची हवा आत जाते. हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत मिश्रण पातळ होऊन चेक इंजिनचा दिवा आणि पी०१७१ कोड येतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीत कोड न येता नुसतं आयडलिंग वाढलेलं राहतं. तोंड बुचाने बंद केलं तरी ताजी हवा फिरणं थांबतं, चेंबर धुतला जात नाही, ऑइल लवकर सडतं. आणि पेट्रोल गाडीतून हा वायू बाहेर सोडणं उत्सर्जनाच्या नियमांत बसत नाही. पीयूसी केंद्रावर सायलेन्सरच तपासतात, म्हणून ते तिथे सापडत नाही एवढंच.

जुन्या डिझेलला मुळातच उघडा पाईप असेल तर तो तसाच राहू द्या. त्याला बाटली लावायची झाली तर झाकणाला भोक ठेवा. हवाबंद बाटली म्हणजे ब्रीदरला बूच.

१५. व्हॉल्व्ह धुवून वापरावा की बदलावा?

बदला. दट्ट्याचा साधा व्हॉल्व्ह कार्ब क्लीनरने धुता येतो आणि प्रवासात अडचण आली तर तसं करा. पण थकलेली स्प्रिंग धुतल्याने ताजी होत नाही. पडद्याच्या व्हॉल्व्हवर कार्ब क्लीनर मारूच नका, रबर फुगतं. दर सर्व्हिसला तपासायचा आणि ४० ते ६० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा, हा खान्देशातल्या वापरासाठी योग्य अंदाज आहे. दिसायला सारखा म्हणून दुसऱ्या गाडीचा घालू नका. आतलं छिद्र आणि स्प्रिंग त्या इंजिनाच्या मापाची असते. सोबत रबरी बुशही बदला, जुनं दगडासारखं झालेलं असतं.

१६. कन्नड घाट उतरून चाळीसगावला आलो आणि रेस दिली की निळा धूर येतो. एरवी काहीच नाही.

घाट उतरताना गाडी गिअरमध्ये आणि थ्रॉटल बंद, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये सगळ्यांत जास्त व्हॅक्यूम. तेव्हा ऑइल दोन वाटांनी ओढलं जातं: सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलमधून (व्हॉल्व्ह सील) किंवा उघडा अडकलेल्या पीसीव्हीतून. खाली आल्यावर रेस दिली की ते साठलेलं ऑइल जळतं. आधी नवा पीसीव्ही टाकून पुन्हा घाट उतरून पाहा. धूर तसाच राहिला आणि पहाटे पहिल्या स्टार्टलाही निळा फुत्कार येत असेल तर व्हॉल्व्ह सील. चढावर, पूर्ण भाराखाली सतत निळा धूर असेल तर रिंगांकडे वळा.

१७. इंजिन शिट्टी वाजवतं आणि चालू असताना ऑइल कॅप निघता निघत नाही.

हा उलटा आजार आहे. दाब नाही, ओढ जास्त झालीय. कव्हरमधला रबरी पडदा फाटला की मॅनिफोल्डचा सगळा व्हॅक्यूम चेंबरला लागतो. हवा पडद्याच्या भोकातून किंवा सीलच्या कडेने आत शिरताना शिट्टी वाजते. कॅप ओढून काढताच शिट्टी थांबली तर निदान पक्कं. जास्त दिवस असंच चालवलं तर सीलची कड आत ओढली जाते आणि मग गळती सुरू होते. ती पाहून प्रश्न ९ मधलं तुंबलेल्या ब्रीदरचं उत्तर लावू नका.

१८. डिझेल गाडी चावी बंद केली तरी रेस वाढत गेली. ब्रीदरमुळे असं होतं का?

होऊ शकतं, आणि हा या पानावरचा सगळ्यांत धोक्याचा प्रश्न आहे. डिझेल इंजिनला जळायला ऑइलही चालतं. चेंबर वाजवीपेक्षा जास्त भरला असेल, वायू फार असेल किंवा टर्बो फुटला असेल, तर ऑइल थेट इनटेकमध्ये जातं. इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळतं आणि चावीने फक्त डिझेल बंद होतं.

मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच झटक्यात सोडा. इंजिन बंद पडतं. ते जमलं नाही तर गाडीपासून सगळ्यांना दूर न्या. इनटेकवर हात किंवा कापड ठेवू नका, ते आत ओढलं जातं. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक जवळ असेल तर इनटेकच्या तोंडात मारा. नंतर इंटरकूलर आणि सगळे पाईप ऑइलपासून पूर्ण मोकळे केल्याशिवाय पुन्हा स्टार्ट मारू नका, राहिलेल्या ऑइलवर ते पुन्हा पळतं.

१९. विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या इंजिनचा ब्रीदर फट्-फट् हवा मारतो. तेही बॅक कॉम्प्रेशन का?

सगळं नाही. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात, चेंबरची जागा जवळपास तेवढीच राहते. एकट्या पिस्टनला जोडीदार नसतो. तो खाली आला की हवा बाहेर ढकलणारच. म्हणून अशा इंजिनच्या ब्रीदरमध्ये पातळ पत्ती असते. ती हवा बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही, आणि चेंबरमध्ये हलका व्हॅक्यूम टिकतो. पत्ती वाकली किंवा खाली कचरा अडकला की सांध्यांतून ऑइल पाझरायला लागतं. पत्ती काढून रॉकेलने धुवा, काचेवर ठेवून सपाट आहे का पाहा, आणि बसवताना बाजू उलटी होऊ देऊ नका. तोंडाने फुंकर मारून आणि ओढून पाहिलं की ती कोणत्या बाजूने उघडते ते लगेच कळतं.